खोका शाबूत, आवाज गायब!

स्पीकर 'उडाला' म्हणून भंगारवाल्याला हाक मारताय? जरा थांबा. बऱ्याचदा उडालेला असतो तो स्पीकर नव्हेच, त्याच्या पोटातला एक तळहाताएवढा बोर्ड!

शनिवारची संध्याकाळ. आठवडाभर चाकण नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये निम्मं आयुष्य घालवून झालंय. मित्रमंडळी वाकडच्या फ्लॅटवर जमलीयेत. कुणीतरी अँपला फोन जोडतं, व्हॉल्यूम हळूहळू वर सरकतो आणि ऐन रंगात येत असताना गाण्यातली चमकच गायब! बेस धडधडतोय, पण गाणाऱ्याचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. ग्रुपमधला स्वयंघोषित एक्स्पर्ट लगेच निदान करून मोकळा, "उडाला रे स्पीकर!"

सोमवारी दुकानात चौकशी केली की उत्तर ठरलेलं. "सर, ह्याचं आता काही मिळत नाही. साउंडबार घ्या ना, ईएमआय करून देतो." तुम्ही निमूट कार्ड काढता. जुनी जोडी आधी बाल्कनीत जाते, मग जिन्याखाली, मग भंगारात.

आता गंमत बघा. या पट्ट्यात घरोघरी जे जुने लाकडी स्पीकर दिसतात, ते काही असेच आलेले नाहीत. टेल्कोत, बजाजमध्ये, भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये शिफ्ट केलेल्या बाबांच्या पिढीने दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली वस्तू आहे ती. टेल्कोचं २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, बजाजच्या आकुर्डी प्रकल्पातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, पण हॉलमधली स्पीकरची जोडी अजून आहे. जाड प्लायचा नाहीतर एमडीएफचा खोका, वजनदार मॅग्नेट, कागदी कोन. हे सगळं ठणठणीत असतं. बंद पडलेला असतो तो क्रॉसओव्हर. आणि तो दुरुस्त करायला रॉकेट सायन्स लागत नाही. लागतं एक सोल्डरिंग गन, एक मल्टिमीटर आणि एक मोकळा रविवार.

नाशिक फाटा, स्पीकरच्या पोटात

क्रॉसओव्हर म्हणजे काय ते समजून घ्यायला नाशिक फाट्यावर उभं राहा. पुण्याकडून येणारा ट्रॅफिकचा लोंढा एकच. पण भोसरी-चाकणला जाणारे उजवीकडे वळतात, पिंपरी-चिंचवडचे सरळ सुटतात. हे वळवणं झालं नाही तर काय होईल, ते पूल होण्याआधीचा फाटा आठवणाऱ्यांना विचारा!

स्पीकरमध्येही तेच. आपला कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. एवढा मोठा पल्ला एकट्या कोनला झेपत नाही. म्हणून मोठा वूफर खर्ज सांभाळतो, छोटा ट्वीटर वरचे सूर. डग्ग्याचा घुमारा वूफरकडे, टाळ-झांजांची किणकिण ट्वीटरकडे. अँपकडून येणारा सिग्नल मात्र दोघांसाठी एकत्रच येतो. त्याची विभागणी करतो तो क्रॉसओव्हर.

त्यातले शिलेदार तीनच. वूफरच्या वाटेत तांब्याच्या तारेची कॉइल, जी वरचे सूर अडवते. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर (जुने मेकॅनिक अजून कंडेन्सरच म्हणतात), जो खालचे सूर अडवतो. आणि पांढऱ्या खडूच्या तुकड्यासारखा दिसणारा सिमेंट रेझिस्टर, जो ट्वीटरचा चढा आवाज वूफरच्या पातळीवर आणून ठेवतो. स्वस्तातल्या म्युझिक सिस्टिममध्ये तर ट्वीटरच्या पाठीला चिकटवलेला एक कपॅसिटर, एवढाच काय तो क्रॉसओव्हर. महागड्या स्पीकरमध्ये डझनभर पार्ट्स असतात, पण तत्त्व तेच.

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. ८ ओहमचा ट्वीटर असेल आणि ३,००० हर्ट्झला वाट वेगळी करायची असेल, तर अगदी साध्या क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटर लागतो साधारण ६.६ मायक्रोफॅरडचा. आता समजा वयोमानाने तो सुकून निम्म्यावर आला, तर ट्वीटरचं काम ६,००० हर्ट्झच्या पुढे सुरू होतं. वूफर खालीच थांबलेला. मधला पट्टा वाऱ्यावर! आवाजाचा स्पष्टपणा, व्यंजनांची धार बरीचशी याच पट्ट्यात असते. म्हणून स्पीकर 'चालू' असूनही शब्द कळत नाहीत, आणि आपल्याला वाटतं, कान म्हातारे झाले.

चिपमध्ये गेला तो गेला

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्लूटूथ स्पीकर आणि साउंडबारमध्ये हे विभाजन हल्ली बहुधा चिपच्या आत, सॉफ्टवेअरने होतं. गाड्यांमधल्या मोठ्या ऑडिओ सिस्टिममध्येही तसंच. त्याचं केंद्र आपल्या दारात आहे. जेबीएल आणि हर्मन कार्डन या ब्रँड्सची मालक कंपनी हर्मन (२०१७ पासून ती सॅमसंगच्या ताब्यात आहे) चाकणच्या कारखान्यात गाड्यांसाठीच्या ऑडिओ आणि इन्फोटेनमेंट यंत्रणा बनवते. तंत्रज्ञान म्हणून हे भारीच आहे. गाडीच्या आकाराप्रमाणे आवाज सेकंदात जुळवता येतो. पण तो बोर्ड गेला की गेला! तिथं डाग मारून जोडण्यासारखी वस्तूच उरत नाही, अख्खं मोड्यूल बदला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं यांच्या दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून. चांगलंच आहे. पण बाबांच्या स्पीकरला पोर्टलची गरज नाही. मागचे आठ स्क्रू सोडवले की सगळं डोळ्यांसमोर! सर्किट डायग्रामसुद्धा बोर्ड उलटा करून कागदावर काढता येते. माझ्या मते जुनी जोडी जपण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. आवाज उत्तम की नाही यावर भांडता येईल, ती दुरुस्त करता येते यावर नाही.

भंगारात गेल्यावर तिचं काय होतं? मॅग्नेट वेगळं, कॉइलचं तांबं वेगळं, खोका सरपणाला. चिखलीजवळच्या कुदळवाडीत वर्षानुवर्षं असा माल फोडला जायचा. महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो शेड आणि गोदामं पाडली. माल निर्माण व्हायचा थांबला नाही, फक्त पत्ता बदलला.

खुनी कोण?

पहिला संशयित आपण स्वतः. समज असा की मोठ्या अँपमुळे स्पीकर उडतो. प्रत्यक्षात छोटा अँप फुल्ल पिळला की जास्त घात होतो. अँपची ताकद संपली की आवाजाच्या लाटेची वरची-खालची टोकं कापली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. मग ट्वीटरच्या वाटेने एरवीपेक्षा कितीतरी जास्त शक्ती सतत वाहू लागते. आधी रेझिस्टर तापून काळा पडतो, मग कपॅसिटर फुगतो, आणि तरी पार्टी थांबली नाही तर ट्वीटरची केसाएवढी बारीक तार जळते. आवाज फाटायला लागला की नॉब खाली आणा, याहून स्वस्त प्रोटेक्शन सर्किट नाही!

दुसरा संशयित? गणपती बाप्पाची माफी मागून, सोसायटीचा मांडव. हॉलमध्ये ऐकायला बनवलेली जोडी दहा दिवस मोकळ्या पार्किंगमध्ये लावली जाते. भिंती नाहीत, त्यामुळे आवाज कमी वाटतो. कुणीतरी वाढवतो. मग दुसरा वाढवतो. विसर्जनापर्यंत रेझिस्टरचा कोळसा! शेजाऱ्यांचा मुद्दा वेगळाच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढीच.

तिसरा, नुसता काळ. क्रॉसओव्हरमधले नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतल्या ओलाव्यावर चालतात. वीस-पंचवीस वर्षांत तो सुकतो. याशिवाय पावसाळ्याची दमट हवा टर्मिनलवर हिरवट गंज चढवते, धडधडीने जड कॉइलचे डाग सुटतात. आणि बेससाठी ठेवलेल्या भोकातून झुरळं आत संसार थाटतात, तो भाग जेवताना वाचू नका.

आधी तपासणी, मग ऑपरेशन

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी पाच मिनिटं डोकं वापरा. अँप बंद करून डावी-उजवी वायर अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष अँपमध्ये किंवा वायरमध्ये. त्याच खोक्यात राहिला, तर आत जायचं.

आत जाण्याआधी एक सक्त ताकीद. ज्या स्पीकरला स्वतःची विजेची पिन आहे, म्हणजे ज्याच्या आत अँप बसवलेला आहे, तो घरी उघडू नका. तिथे २३० व्होल्ट आहेत आणि प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात. आपण बोलतोय ते फक्त दोन वायरींवर चालणाऱ्या साध्या खोक्याबद्दल. वायरी अँपपासून सोडवल्या की त्यात शॉक बसण्यासारखं काही नसतं.

वूफरचे स्क्रू काढा, वूफर अलगद बाहेर घ्या. सगळ्यात आधी मोबाइलने फोटो काढा! कोणत्या रंगाची वायर कुठे, कुठल्या टॅबला, सगळं दिसेल असे चार-सहा फोटो. याचं महत्त्व पुढे कळेल.

आता नाक आणि डोळे. जळका वास, काळा पडलेला रेझिस्टर, टोकाला फुगलेला किंवा तेलकट कपॅसिटर, हलणारी कॉइल. बरेचसे बिघाड इथेच सापडतात. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक पार्ट हळूच ढकला. सुटलेला डाग लगेच दगा देतो. असं असेल तर पार्टसुद्धा विकत आणायला नको. जुना डाग तापवा, नवं शिसं भरा, झालं काम.

काहीच दिसलं नाही तर मल्टिमीटर. ट्वीटरची एक वायर सोडवून थेट त्याच्या टॅबवर ओहम मोजा. ८ ओहमचा ट्वीटर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५ च्या आसपास. आकडा आला म्हणजे ट्वीटर जिवंत. काहीच आलं नाही तर त्याची कॉइल तुटली. इथे बरेच जण फसतात ते असं, की खोक्याच्या मागच्या टर्मिनलवरून मोजतात आणि ओहम दिसले म्हणून खूश होतात. मीटरचा डीसी करंट कपॅसिटर अडवतो. त्यामुळे मागून मोजलात तर फक्त वूफरची तब्येत कळते. ट्वीटर मेलेला असला तरी आकडा तोच येणार!

मीटर नसेल तर आणखी सोपा डाव आहे. दोन्ही खोके एकाच मॉडेलचे असतात ना? मग डाव्याचा ट्वीटर उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात बसवून बघा. शांतता ट्वीटरबरोबर दुसऱ्या खोक्यात गेली, तर ट्वीटर गेलाय. जुन्याच खोक्यात राहिली, तर आरोपी क्रॉसओव्हर. कोर्टात टिकेल असा पुरावा!

तापकीर गल्लीची वारी

पार्ट्ससाठी पिंपरी कॅम्पातली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आधी पालथी घाला. नाही मिळालं तर पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. मुंबईला चक्कर होणार असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जळालेला पार्ट खिशात घालून जा, फोटोवर विसंबू नका.

काउंटरवर नेमकं काय मागायचं? कपॅसिटर 'नॉन-पोलर' किंवा 'बायपोलर' हवा. अँप किंवा टीव्हीच्या बोर्डातला प्लस-मायनस खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही, कारण गाण्याचा करंट सारखा दिशा बदलतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टेज मूळ पार्टएवढं किंवा जास्त. नेमका आकडा नसेल तर दोन कपॅसिटर शेजारी-शेजारी जोडले की बेरीज होते. २.२ आणि ४.७ मिळून ६.९. आणि घ्यायचे ते दोन्ही खोक्यांसाठी. एक डोळा नवा, एक जुना असं नको. नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिकचा खर्च कटिंग चहाच्या दोन-चार ग्लासांच्या पलीकडे जात नाही.

दुकानदार कदाचित म्हणेल, 'त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, आयुष्यभर बघायला नको.' खरं आहे ते. फिल्म कपॅसिटर सुकत नाही. मात्र त्याचा अंतर्गत रोध फारच कमी असतो, त्यामुळे ट्वीटर आधीपेक्षा थोडा तिखट वाजू शकतो. तसं वाटलं तर त्याच्याबरोबर अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर जोडायचा. शिवाय तो आकाराने दांडगा असतो. बोर्डवर जागा आहे का ते आधी मोजा.

रेझिस्टरच्या बाबतीत ओहम तोच, वॉट मूळ पार्टएवढे किंवा जास्त. आणि तो बोर्डपासून काही मिलिमीटर उचलून बसवा, तापला तरी बोर्ड भाजणार नाही. कॉइल सहसा जळत नाही. जळलीच, तर मिलिहेन्रीचा आकडा शोधावा लागतो, आणि शेजारचा चांगला खोका इथे पुन्हा कामी येतो. त्यातल्या कॉइलची तारेची जाडी, वेढे, भोकाचा व्यास मोजून तशीच गुंडाळून घ्यायची. भोसरी एमआयडीसीच्या भागात वाइंडिंगची कामं करणारी मंडळी आहेत. त्यांच्यासाठी हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ. बसवताना दोन कॉइल एकमेकींना चिकटून, एकाच दिशेत ठेवू नका. एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. मूळ बोर्डवर एक आडवी आणि एक उभी दिसते ती कारागिराची लहर नव्हे.

आता त्या फोटोंकडे येऊ. अनेक स्पीकरमध्ये ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडलेल्या असतात, प्लसला मायनस. एक कॉइल, एक कपॅसिटर अशी जोडी प्रत्येक वाटेत असली, की दोन्ही वाटांच्या लाटा क्रॉसओव्हरच्या ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध पडतात. त्या जुळाव्यात म्हणून डिझायनरच ट्वीटर उलटा करतो. १९७६ मध्ये ह्युलेट-पॅकार्डमधल्या सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी मांडलेली, आजही जगभर वापरात असलेली क्रॉसओव्हरची पद्धत याच जुळवाजुळवीभोवती फिरते. आणि होतं काय, हौशी मेकॅनिक खोका उघडतो, 'अरेच्चा, कंपनीने चूक केलीये' म्हणून वायरी 'सरळ' करून ठेवतो. मग नवे पार्ट्स असूनही आवाजाच्या ऐन मध्यात खड्डा! मालक वर्षभर नवे पार्ट्सच खराब निघाले म्हणत राहतो. फोटो बघा आणि होतं तसंच जोडा.

सगळं जोडून झालं की बोर्डवरचे जड पार्ट्स सिलिकॉन नाहीतर ग्लू गनने पक्के करा, खोक्यात काढलेला कापूस परत भरा आणि स्क्रू समोरासमोरचे असे जोडीने आवळा. पहिलं गाणं जोरात लावायचा मोह आवरा. आवाज अगदी हळू, आधी एकच बाजू, ट्वीटरजवळ कान. बारीक किणकिण ऐकू येते का? मग दुसरी बाजू. मग दोन्ही एकत्र, आणि एकट्या माणसाचा आवाज लावा, रेडिओवरच्या बातम्यासुद्धा चालतील. दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध बसून ऐका. निवेदक समोरच्या रिकाम्या भिंतीतून बोलतोय असं वाटलं पाहिजे. तो एका बाजूला सरकलेला वाटला, तर दोन बाजूंचे पार्ट्स सारखे नाहीत. तो समोर न बसता खोलीभर पसरल्यासारखा, पोकळ वाटला आणि बेसही पातळ झाला, तर एका खोक्याच्या मागच्या वायरी उलट लागल्यात. अँप बंद करा, त्या बदला आणि पुन्हा बातम्या लावा.